चढावरची टिकटिक

कारंज्याहून मानोऱ्याकडे निघालं की बाजार समितीच्या पुढं रस्त्यालगत एक पत्र्याचं शेड लागतं. शेडवर पाटी नाही. पाटीची गरज कधी पडलीच नाही, कारण ज्याला तिथं यायचं असे तो चहाच्या टपरीवर एवढंच विचारी, "टायमिंगवाले मिस्त्री कुठी बसतात?"

युनूस मिस्त्री आता त्रेसष्टचा आहे. उंच, खांद्यांतून थोडा वाकलेला. रोजचं काम दुचाक्यांचं, पण नाव झालं ते जुन्या पेट्रोल गाड्यांवर. अँबेसेडर, फियाट, पेट्रोलची जीप. या गाड्यांत ठिणगी कधी पडायची हे कुठला संगणक ठरवत नाही, ते माणसानं ठरवायचं असतं. इंजिनाला पेल्याएवढा एक भाग असतो, डिस्ट्रिब्यूटर. त्याचा नट सैल करून तो जरा एका अंगाला फिरवला की ठिणगी लवकर पडते, दुसऱ्या अंगाला फिरवला की उशिरा. उशिरा पडली तर गाडी सुस्त होते, तापते, पेट्रोल पिते. फारच लवकर पडली तर पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर भडका उडतो आणि इंजिन आतल्या आत मार खातं. या दोन्हींच्या मधली जागा केसाएवढी. ती सापडली की टायमिंग बसलं.

मिस्त्री आधी पुलीवरची खूण जुळवायचा, वायरीला एक छोटा बल्ब लावायचा आणि डिस्ट्रिब्यूटर हळूहळू फिरवत बल्ब पेटतो तिथं थांबायचा. एवढं कुणालाही येतं. खरं काम त्यानंतरचं. "बलब गल्ली दाखवते," तो म्हणायचा, "घर कानानं शोधा लागते." मग गाडी मानोरा रस्त्यावरच्या चढावर न्यायची, टॉप गिअरमध्ये हळू चालवत आणायची आणि चढ लागला की पेट्रोलचं पॅडल पूर्ण दाबायचं. इंजिन कण्हतं, आणि त्या कण्हण्याच्या आतून एक बारीक टिकटिक येते. दोन-तीनदा येऊन विरली तर टायमिंग बरोबर. वाजतच राहिली तर ठिणगी मागे घ्यायची, म्हणजे उशिरा. वाजलीच नाही तर थोडी पुढं न्यायची, म्हणजे लवकर, वाजेपर्यंत, आणि मग केसभर मागे. मिस्त्रीच्या कानाची ख्याती मूर्तिजापूरपर्यंत होती. तो शेजारी बसला की गाडीचा मालक श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

हा कान कधी जायला लागला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. चाळीस वर्षं हातोडा, ग्राइंडर, सायलेन्सर काढलेली इंजिनं. आधी बारीक आवाज गेले. रातकिडे गेले, मोबाइलची घंटी गेली, कुकरची शिट्टी गेली. जाडे आवाज राहिले, म्हणून माणूस बहिरा झालाय हे बाहेर कुणाला समजलं नाही. समजलं ते बायकोला, बदरुन्निसाला. डाळ लावून ती शेजारी गेली होती, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा म्हणून सांगून. परत आली तेव्हा घरभर धूर होता आणि मिस्त्री शेगडीपासून चार हातांवर बसून काकडी सोलत होता.

 तिनं डाळीचा कुकर घासायला टाकला, दुसरी डाळ लावली. जेवताना मात्र विचारलं, "और गाडी का? वो सुनाई देता?"

मिस्त्रीनं घास मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेडवर एक फियाट आली होती. मिस्त्री चढावर निघायला लागला तर बदरुन्निसा बुरखा सावरत पुढच्या सीटवर येऊन बसली. "चलो," ती म्हणाली, "मैं सुनती." तिला आवाज कसा असतो ते त्यानं रस्त्यात समजावलं. तव्यावर ज्वारीचे चार दाणे टाकले की तडकतात तसा. चढ लागला, त्यानं पॅडल दाबलं, आणि थोड्या वेळानं ती शांतपणे म्हणाली, "बजा." मिस्त्रीनं गाडी कडेला घेतली, केसभर मागे फिरवलं. पुन्हा चढ. "अब दो बार बजा, फिर नहीं."

अशी चार वर्षं गेली. टपरीवरच्यांना फार मजा वाटे. "काय मिस्त्री, गिऱ्हाइकाच्या पेट्रोलवर भाभीले हवा खिलवून राह्यले काय?" कुणीतरी ओरडायचं. मिस्त्री हसायचा. लोक त्याच्या बायकोवेडेपणाला हसत होते तोवर बरं होतं. बदरुन्निसा घरी आल्यावर म्हणायची, "उनको बोल दो ना एक बार. क्या होता?" तो म्हणायचा, "बोलता हूँ." बोलला कधीच नाही.

मागच्या थंडीत ती गेली. छातीत कफ झाला, अकोल्याला नेलं, आठव्या दिवशी परत आणलं ते कफनातच. लेक नाजिश पुण्याला असते. ती चाळिसाव्या दिवसापर्यंत राहिली, मग तिच्या मुलांच्या शाळेसाठी तिला जावं लागलं. जाताना तिनं फ्रिजवर कागद चिकटवला, कुठल्या डब्यात काय आहे याचा. फोन रोज करायची. मिस्त्रीला फोनवर तिचा आवाज यायचा, शब्द येत नसत. मग त्यानं अंदाज बांधायला सुरुवात केली. पहिला प्रश्न तब्येतीचा असणार, दुसरा जेवणाचा. एकदा तिनं विचारलं, "अब्बा, उधर गर्मी बहुत है क्या?" तो म्हणाला, "हाँ, खा लिया." पलीकडून काहीच आलं नाही. ती हसतेय की रडतेय, की काही बोलतेय आणि आपल्याला येत नाहीये, हे त्याला ओळखता येईना. थोडा वेळ त्यानं फोन तसाच कानाला धरला. मग हळूच ठेवला.

घर गप्प झालं होतं, पण घर खरंच गप्प झालंय की आपणच, हेही त्याला सांगता येत नव्हतं. दारावर कुणी आलेलं कळत नसे. म्हणून तो दार उघडंच ठेवायचा आणि दाराकडे तोंड करून बसायचा.

टायमिंगची कामं त्यानं घेणं सोडलं. पार्ट मिळत नाहीत, नजर कमी झाली, आता दुचाकीच बऱ्या, अशी कारणं सांगायचा. लोक ऐकून घेत आणि अमरावतीला जात. मार्चमध्ये शेषराव गुरुजी आले तेव्हा मात्र त्याला नाही म्हणता आलं नाही.

शेषराव कामरगावचे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि सरकारी लिलावातली एक पांढरी अँबेसेडर त्यांनी हौसेनं घेतली. ती गेली अकरा वर्षं मिस्त्रीच्याच हातातली होती. बदरुन्निसाच्या मातीला ते कामरगावहून आले होते आणि कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर डोक्यावर रुमाल टाकून शेवटपर्यंत उभे होते. मिस्त्रीनं ते पाहिलं होतं.

"लय सुस्त झाली गाडी," गुरुजी म्हणाले. "पोरीले आनाले जाचं हाय मानोऱ्याले. पयलंच बाळंतपन. गाडी ठीक पायजे."

मिस्त्रीनं बल्ब लावला, खूण जुळवली. मग दोघं चढावर गेले. बदरुन्निसाच्या जागी गुरुजी बसले. मिस्त्रीनं पॅडल दाबलं आणि सगळा जीव कानात आणला. काही नाही. रीत अशी की वाजलं नाही तर पुढं न्यायचं. त्यानं थोडं पुढं नेलं. पुन्हा चढ. काही नाही. आणखी थोडं पुढं. तिसऱ्या वेळी गाडी अशी काही ओढायला लागली की मिस्त्रीला स्वतःलाच बरं वाटलं. ठिणगी पुढं गेली की गाडी ओढतेच, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण इतक्या महिन्यांनी हाताखाली एक इंजिन खूश होऊन चढत होतं. त्यानं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी खिडकीबाहेर पळसाकडे बघत होते, चेहऱ्यावर काही नव्हतं. मिस्त्रीनं नट आवळला.

तीन आठवड्यांनी, एप्रिलच्या भर दुपारी, गुरुजी मुलीला, सपनाला, घेऊन मानोऱ्याहून निघाले. सातवा महिना चालू होता. मागच्या सीटवर उशा लावून तिला बसवलं होतं. वाटेतल्या एका चढाच्या मध्यावर इंजिनातून काहीतरी मोडल्यासारखा आवाज आला, निळा धूर निघाला, आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. मोबाइलला रेंज नव्हती. जीप मिळेपर्यंत दीड तास सपना एका कडुनिंबाच्या विरळ सावलीत बसून होती. संध्याकाळपर्यंत तिचं बीपी वाढलं. दोन दिवस कारंज्यात दवाखान्यात ठेवावं लागलं. मग सगळं ठीक झालं, बाळ ठीक, तीही ठीक. पण ते दोन दिवस गुरुजींनी दवाखान्याच्या पायरीवर काढले.

गाडी ट्रॅक्टरला बांधून शेडवर आली. तोवर सगळ्यांचं एकमत झालं होतं की पेट्रोल खराब. त्या सकाळी गुरुजींनी मानोऱ्याबाहेरच्या एका पंपावर टाकी भरली होती. हल्ली पेट्रोलात काय काय मिसळतात, सगळेच बोलतात. दवाखान्याच्या पायरीवरूनच गुरुजींनी पंपाच्या मालकाला फोन करून तसं सुनावलं होतं.

मिस्त्रीनं इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनची कड तुटली होती, उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी, आणि डोक्यावर बारीक बारीक खड्डे पडले होते. त्यानं पिस्टन पुसून उजेडात धरला. मग उठून डिस्ट्रिब्यूटरला बल्ब लावला आणि आपणच आवळलेली जागा पाहिली. खुणेच्या किती पुढं गेला होता तो. मिस्त्री शिकाऊ असता आणि त्यानं हे केलं असतं, तर उस्तादानं पान्हा फेकून मारला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडपुढं एक माणूस येऊन उभा राहिला. तो मानोऱ्याकडच्या तांड्यातला लखीराम, त्या पंपावर पेट्रोल सोडणारा. तो बराच वेळ बोलला. मिस्त्रीला त्यातलं निम्मं ऐकू आलं नाही, पण "काम" आलं, "मालक" आलं, आणि हाताची खूण दिसली, नळी धरल्यासारखी. "मी तं नुसती नळी धरतो, चाचा," असं तो म्हणत असावा. मालकानं त्याला त्याच दिवशी घरी बसवलं होतं, त्यानंच काही केलं असेल म्हणून. मिस्त्रीनं त्याला चहा पाजला. 

दुपारी गुरुजी आले. हातात कागद होता, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलेला.

"तहसीलात तक्रार देतो," ते म्हणाले. मिस्त्रीसमोर बसून, नेहमीपेक्षा सावकाश, म्हणून त्याला समजलं. "खाली तुमी लिहा, पेट्रोलानं इंजिन गेलं. तुमची सही असली का कोनी सवाल नाई करनार. अख्ख्या तालुक्यात तुमच्यावानी कान कोनाचा हाय?"

मिस्त्रीनं कागद घेतला. वाचला. पेन शोधायला लागला, खिशातच होतं. मग कागद गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "गुरुजी, पेट्रोलानं नाई गेलं."

"मंग?"

"म्या नेलं. टायमिंग लय पुढं नेऊन ठेवलं होतं."

गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले. "तुमी? तुमी काहून नेसान?"

"मले आइकू येत नाई. बारीक आवाज येतच नाई. पाच वर्सं झाले." मिस्त्री एका दमात बोलला, थांबलो तर जमणार नाही असा. "नाजिशची माय गेली तवापर्यंत तेच आइके. ते सांगे, म्या फिरवो. तुमच्या गाडीत म्या काईच आइकलं नाई, अन् वाजत नाई समजून पुढं पुढं नेत गेलो."

गुरुजींनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही.

"वाजत होतं," ते म्हणाले.

मिस्त्रीला नीट आलं नाही. तो पुढं वाकला.

"वाजत होतं म्हनतो," गुरुजी मोठ्यानं बोलले. "पयल्या चढालेच वाजलं. टिकटिक टिकटिक. दुसऱ्यानं तं लयच. मी मनात म्हटलं, मिस्त्री बाजूलेच बसून हायत, आइकून राह्यले, आपन मास्तर मानूस, कायले तोंड घालाव. मंग पुरे तीन हप्ते वाजत राह्यलं. मी घरच्याइले सांगतलं, मिस्त्रीनं केलं म्हंजे असंच असन."

 रस्त्यावरून कापसाच्या गाठींचा ट्रक गेला. मिस्त्रीला तो पायाखाली समजला.

"मायी पोरगी दीड घंटा उनात बसली होती, मिस्त्री." गुरुजींचा आवाज चढला नव्हता. "काई झालं असतं तं? एक डाव सांगाचं. कान गेला म्हनून मी काय तुमाले तोडलं असतं?"

"तोडलं नसतं," मिस्त्री म्हणाला. "पन गाडी घेऊन आले नसते."

 गुरुजींनी कागद घेतला, चार घड्या केल्या आणि ते रस्ता ओलांडून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. बस यायला वीस मिनिटं लागली. एवढा वेळ दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना होते आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

गुरुजी पाच दिवस आले नाहीत. मिस्त्रीनं इंजिन सगळं उतरवलं. पिस्टन अकोल्याहून मागवला, ब्लॉक साफ केला, रिंगा बसवल्या. गुरुजींनी सांगितलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. टपरीवर आता सगळ्यांना कळलं होतं. जे थट्टा करायचे ते आता त्याच्याशी तोंड मोठं करून, एकेक शब्द तोडून बोलायचे, लहान पोराशी बोलावं तसं. एकजण बुलेट दाखवायला आला होता, तो "नंतर येतो" म्हणून गेला. दुसरे पंक्चरपुरते येत. मिस्त्रीला राग आला नाही. इतकी वर्षं सांभाळून ठेवलेली गोष्ट हातातून सुटल्यावर हात मोकळे होतील असं त्याला वाटलं होतं. हात नुसते रिकामे वाटले.

सहाव्या दिवशी गुरुजी आले. बसले नाहीत.

"पंपावर जाऊन आलो," ते म्हणाले. "मालकाले हात जोडले. मी चुकीनं बोललो म्हटलं. त्या लखीरामले घेतलं वापस."

"तुमची चूक नव्हती, गुरुजी."

"निम्मी होती. कान मायापाशी होता." मग गाडीकडे बघून, "झाली?"

"टायमिंग राह्यलं."

चढावर दोघं गेले. पायथ्याशी मिस्त्रीनं गाडी थांबवली, किल्ली गुरुजींच्या हातात दिली आणि खाली उतरला.

"तुमी नाई बसत?"

"मी बसलो का तुमी आपला कान मले देऊन टाकता," मिस्त्री म्हणाला. "एकटे जा. टॉपमध्ये, चाळीसवर. चढ लागला का पॅडल पुरं दाबा. काय वाजते, किती वेळा वाजते, थे सांगा मले. मी काय म्हनीन याचा इचार नका करू."

गुरुजी गेले. गाडी चढावर बारीक होत गेली, माथ्यावर जाऊन वळली, परत आली. खिडकीतून त्यांनी मान हलवली, काही नाही. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, नट सैल केला, केसभर पुढं नेलं. पुन्हा गेले, पुन्हा आले. काही नाही. तिसऱ्या वेळी परतताना गुरुजींचा चेहरा दुरूनच वेगळा दिसला, पहिल्या बाकावरच्या पोराला उत्तर आल्यासारखा. "वाजलं. पाच-सा डाव. थांबेच ना."

मिस्त्रीनं केसभर मागे घेतलं. चौथ्यांदा गुरुजी आले ते जरा गोंधळून.

"दोनदा वाजलं वाटते."

"वाटते का वाजलं?"

गुरुजी स्टिअरिंगवर हात ठेवून विचार करायला लागले. मागून आलेल्या एका जीपनं हॉर्न दिला असावा, कारण गुरुजींनी दचकून आरशात पाहिलं. मिस्त्री जागचा हलला नाही. गुरुजींनी खिडकीतून हात काढून त्याचा शर्ट धरला आणि त्याला रस्त्यावरून गाडीकडे ओढलं. जीप गेली.

"वाजलं," गुरुजी म्हणाले. "दोन डाव. मंग बंद."

"आनखी एक डाव जाऊन या. पक्कं करा."

गाडी पुन्हा चढाला लागली. मिस्त्री कडेच्या गवतात मागे सरकून उभा राहिला. अर्ध्या चढावर पांढरी गाडी जरा दबली, म्हणजे गुरुजींनी आता पॅडल दाबलं असेल. मिस्त्रीचं डोकं सवयीनं एका बाजूला कललं. ऊन होतं, वारा गवत हलवत होता, आणि कशाचाच आवाज नव्हता. गाडी माथ्यावर पोचली, क्षणभर आभाळाला टेकल्यासारखी दिसली आणि पलीकडे उतरली. गुरुजी वळून येईपर्यंत रिकाम्या रस्त्याकडे बघत तो तिथंच उभा राहिला.